मोठ्या कंपनीतली नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंजवडी, खराडी, ऐरोली किंवा नागपूरच्या मिहानमधल्या मोठ्या आयटी आणि सेवा कंपन्यांत नुकते लागलेले, मुरलेले आणि सोडायच्या विचारात असलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. कामगार कायद्याचे उल्लेख २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहिता धरून आहेत. पॉलिसी मात्र प्रत्येक कंपनीची वेगळी. जिथे 'नेमणूकपत्र बघा' म्हटलंय, तिथे ते खरोखर उघडून बघा.

१. मोठ्या कंपनीत काय मिळतं आणि काय जातं?

पगार ठरल्या तारखेला होतो, पीएफ वेळेवर भरला जातो, घरच्यांचा मेडिक्लेम असतो आणि प्रोजेक्ट बदलायला नोकरी बदलावी लागत नाही. गृहकर्जाच्या अर्जावर कंपनीचं नाव बघून बँकेचे प्रश्नही कमी होतात.

जातो तो कामाचा वेग, आणि कामाचा आवाकाही. तुमच्या मॅनेजरला तुम्हाला जास्त वाढ द्यायची असली तरी बजेट त्याच्या हातात नसतं. लॅपटॉपवर साधं सॉफ्टवेअर टाकायला तिकीट काढून दोन मंजुऱ्यांची वाट बघावी लागते. कामाचा एक छोटा तुकडा वाट्याला येतो आणि तोच चार वर्षं केला, तर बाहेरच्या मुलाखतीत 'मग बाकीचं कोण करायचं?' या प्रश्नावर गाडी अडते.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा: इथे तोंडी शब्द मॅनेजर बदलेपर्यंतच टिकतो. त्यानंतर उरते ती सिस्टिममधली नोंद. खालची निम्मी उत्तरं 'मेल करा' अशी का आहेत, ते यावरून कळेल.

२. पॅकेज ६ लाखांचं आहे, मग खात्यात ५० हजार का येत नाहीत?

कारण सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. हे उदाहरण बघा. सीटीसी ६,००,०००, बेसिक (मूळ पगार) महिना २५,०००. त्यातून व्हेरिएबल (पगाराचा कामगिरीवर ठरणारा भाग) ६०,०००, कंपनीचा पीएफचा वाटा २१,६०० (१५,००० च्या मर्यादेवर १२%, म्हणजे महिना १,८००), ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणाऱ्या रकमेची) तरतूद १४,४३० (बेसिकच्या ४.८१%) आणि विम्याचा हप्ता समजा ८,००० वजा करा. उरले ४,९५,९७०, म्हणजे महिना साधारण ४१,३३०. यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ३९,३३० च्या आसपास येतात.

कंपनी पूर्ण बेसिकवर पीएफ कापत असेल, तर दोन्ही वाटे ३,००० होतात आणि हातात ३६,९३० उरतात. पैसे बुडत नाहीत, पीएफ खात्यात जातात. पण घरभाडं आणि हप्ते ठरवताना हाच आकडा धरायचा.

व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० कापला जातो, वर्षाचा २,५००. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. जून आणि डिसेंबरच्या स्लिपवर कामगार कल्याण निधीची किरकोळ कपात दिसते, ती चूक नव्हे.

३. व्हेरिएबल पूर्ण मिळतो का?

क्वचित. तो तीन गोष्टींवर ठरतो: कंपनीचा नफा, तुमच्या युनिटची कामगिरी आणि तुमचं रेटिंग. पहिल्या दोन तुमच्या हातात नसतात. शिवाय 'पैसे वाटण्याच्या तारखेला कर्मचारी असला पाहिजे' अशी अट बहुतेक ठिकाणी असते, म्हणून राजीनाम्याची तारीख ठरवताना ही तारीख आधी बघा. दोन ऑफरची तुलना करताना व्हेरिएबल शून्य धरून करा.

४. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात कोणती कामं चुकवू नयेत?

जुना यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) द्या, नवा काढू देऊ नका (प्रश्न ५). पीएफ आणि ग्रॅच्युइटीचं नामनिर्देशन भरा. पीएफचं ऑनलाइन, ग्रॅच्युइटीचं वेगळं असतं आणि तेच राहून जातं. लग्नानंतर पीएफचं जुनं नामनिर्देशन रद्द ठरतं, ते पुन्हा करावं लागतं. मेडिक्लेममध्ये कुटुंबाची नावं टाका (प्रश्न ६). नवी की जुनी करप्रणाली ते कळवा. न कळवल्यास नवी धरली जाते.

आणि सही केलेलं नेमणूकपत्र, पगाराचं परिशिष्ट व बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) यांची प्रत स्वतःच्या खासगी मेलवर तेव्हाच ठेवा. ही तुमची कागदपत्रं आहेत. क्लायंटची किंवा प्रोजेक्टची एकही फाइल मात्र खासगी मेलवर पाठवू नका. एवढ्या एका कारणावरून लोकांची नोकरी गेली आहे.

५. पीएफ ट्रान्सफर वारंवार नाकारला जातो. नेमकं काय चुकतं?

सगळ्यात जास्त वेळा तीन गोष्टी. आधार, पॅन आणि पीएफमधलं नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकलेली नसते. किंवा दोन यूएएन तयार झालेले असतात. सोडल्याची तारीख, शेवटचा हप्ता भरल्यानंतर दोन महिने उलटले की, तुम्ही स्वतः यूएएन पोर्टलवर टाकू शकता. ती पगाराच्या शेवटच्या महिन्यातलीच असू द्या.

चौथी चूक कमी लोकांना माहीत असते आणि तीच सगळ्यात चिवट. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्या आणि तेव्हा बेसिक १५,००० पेक्षा जास्त असलेल्या माणसाला पेन्शन योजनेत घेता येत नाही. त्याचा कंपनीचा पूर्ण १२% वाटा पीएफमध्येच जायला हवा. तरी एखादी कंपनी त्यातले १,२५० पेन्शनमध्ये टाकत राहते आणि वर्षांनंतर ट्रान्सफर अडतो. पासबुकात पेन्शनचा रकाना आजच बघा. चूक असेल तर दुरुस्ती कंपनीकडूनच होते, आणि तुम्ही नोकरीत असताना ती करून घेणं सोपं जातं.

नोकरी बदलताना पीएफ काढू नका. एकूण सेवा ५ वर्षांच्या आत असताना ५०,००० किंवा जास्त रक्कम काढली, तर पॅन दिलेला असूनही १०% टीडीएस कापला जातो. ट्रान्सफर केला तर जुनी सेवा या ५ वर्षांत धरली जाते.

६. कंपनीचा मेडिक्लेम आहे, मग स्वतःचा का घ्यायचा?

कारण तो तुमच्या शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो. कंपनीच्या गटविम्यात जुन्या आजारांना सहसा प्रतीक्षाकाळ नसतो, हा त्याचा मोठा फायदा, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या आईवडिलांसाठी. पण पंचेचाळिशीत नोकरी गेली आणि तेव्हा नवी पॉलिसी काढायला गेलात, तर प्रतीक्षाकाळ तिथून सुरू होतो. तरुण असताना छोटी का होईना, स्वतःची पॉलिसी सुरू ठेवा.

पॉलिसीत दोन ओळी शोधा. एक, खोलीभाड्याची मर्यादा: मर्यादा ५,००० असताना ८,००० ची खोली घेतली, तर फक्त वरचे ३,००० नाही, डॉक्टरची फी आणि इतर खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. दुसरी, आईवडिलांसाठीचं को-पे, म्हणजे बिलातला जो ठरावीक वाटा तुम्ही भरायचा. आईवडिलांची नावं बहुधा वर्षातून एकदाच, नूतनीकरणाच्या वेळी टाकता येतात. लग्न किंवा बाळाचा जन्म झाल्यास ठरावीक दिवसांत, बहुतेक ठिकाणी ३०, कळवावं लागतं.

७. बेंचवर बसलोय, पगार मिळतोय. काळजी करावी का?

पहिले दोन आठवडे नाही, नंतर हो. बेंच म्हणजे तुमचं बिल कुठल्याही क्लायंटला लागत नाही. पूर्वी महिनोन्महिने बेंचवर राहता यायचं, आता कंपन्यांनी हात आखडला आहे. टीसीएसने जून २०२५ मध्ये वर्षाला किमान २२५ बिलेबल दिवस आणि जास्तीत जास्त ३५ दिवस बेंच असा नियम आणला.

करायचं काय? आरएमजी (प्रोजेक्टवर माणसं नेमणारा विभाग) तुम्हाला कौशल्याच्या शब्दावर शोधते, त्यामुळे अंतर्गत प्रोफाइलमध्ये 'जावा' एवढंच लिहिलं तर तुम्ही हजारोंच्या यादीत जाता. आवृत्ती, फ्रेमवर्क, क्लाउड आणि क्लायंटचं क्षेत्र लिहा. जुन्या मॅनेजरांना थेट मेसेज करा, कारण बऱ्याच जागा पोर्टलवर यायच्या आधीच भरलेल्या असतात. नको असलेला प्रोजेक्ट तोंडी नाकारू नका. 'नकार दिला' अशी नोंद होते आणि ती पुढे तुमच्याविरुद्ध वापरली जाते. शहर किंवा शिफ्टची खरी अडचण असेल तर कारणासह मेल करा.

८. काम चांगलं केलं, मॅनेजरही खूश होता, तरी रेटिंग मधलंच का आलं?

बेल कर्व्हमुळे. मॅनेजरने दिलेलं रेटिंग हा फक्त प्रस्ताव असतो. नंतर सगळे मॅनेजर एका बैठकीत बसतात आणि वरच्या रेटिंगच्या ठरावीक जागांसाठी आपापली माणसं मांडतात. तिथे तुमच्यासाठी बोलायला मॅनेजरकडे तीन ठोस वाक्यं असली पाहिजेत. 'खूप मेहनती आहे' हे त्या खोलीत चालत नाही. 'रात्रीच्या बॅचचा वेळ ४ तासांवरून दीडवर आणला, क्लायंटने मेलवर कौतुक केलं' हे चालतं.

म्हणून अप्रेझलच्या महिन्यात जागं होऊन उपयोग नाही. दर महिन्याला पाच ओळी लिहून ठेवा: काय केलं, आकडा काय, कोणाचा मेल. बैठकीच्या तीन-चार आठवडे आधी हे मॅनेजरकडे पोचलं पाहिजे. आणि ज्या वर्षी मॅनेजर बदलतो, त्या वर्षी जुन्याकडून लेखी अभिप्राय सिस्टिममध्ये टाकून घ्या. मध्येच मॅनेजर बदललेल्यांचं रेटिंग हमखास पडतं, कारण त्यांच्या बाजूने बोलणारं खोलीत कोणी नसतं. प्रमोशनच्या वर्षीही असंच होतं: नव्या पातळीवर तुलना वरिष्ठांशी होते, तेव्हा एक वर्ष मधलं रेटिंग आलं तर खचू नका.

९. सुट्टी मागितली की 'प्रोजेक्टची गरज' सांगतात. हक्काच्या रजा किती?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार वर्षाला ८ किरकोळ रजा, आणि २४० दिवस काम झालं असेल तर कामाच्या दर २० दिवसांमागे १ भरपगारी रजा. ती ४५ दिवसांपर्यंत साठते. व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षी पदांना हा अधिनियम लागू नाही, तिथे कंपनीची पॉलिसी बघायची. रजा नेहमी सिस्टिममध्ये टाका. नाकारली तर नाकारल्याची नोंद राहते, आणि ४५ च्या वरच्या नाकारलेल्या रजेचे पैसे मागता येतात. मॅनेजरला कँटीनमध्ये विचारलेली रजा कुठेच नसते.

१०. प्रसूती रजेनंतर परत आल्यावर प्रोजेक्ट गेला, रेटिंग घसरलं. काही करता येतं का?

पहिल्या दोन अपत्यांपर्यंत २६ आठवडे भरपगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीआधी. दोन अपत्यं असतील तर पुढच्या वेळी १२ आठवडे. अट एवढीच की आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं. या काळात कामावरून काढणं किंवा सेवाशर्ती तोट्याच्या करणं बेकायदेशीर आहे. प्रोजेक्ट जाणं टळेलच असं नाही, पण रजेवर जाण्याआधी तोपर्यंतच्या कामाचं मूल्यमापन लेखी मागून घ्या, म्हणजे वर्षाचं रेटिंग रिकाम्या महिन्यांवर ठरत नाही. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय देणं कंपनीला बंधनकारक आहे.

११. ऑफिसात लैंगिक छळाची तक्रार कुठे आणि किती दिवसांत करायची?

अंतर्गत समितीकडे, लेखी, घटनेपासून ३ महिन्यांत. सबळ कारण असल्यास समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. एचआरशी किंवा मॅनेजरशी 'बोलणं' म्हणजे तक्रार नव्हे, आणि त्या बोलण्यात मुदत निघून जाते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते. त्या काळात बदली किंवा रजा मागता येते.

१२. ऑनसाइटला, म्हणजे अमेरिकेत क्लायंटकडे कामाला, एल-१ व्हिसावर जावं की एच-१बी वर?

निवड बहुतेक वेळा कंपनीच करते, पण फरक माहीत हवा. एल-१ साठी मागच्या ३ वर्षांत सलग १ वर्ष भारतात त्याच कंपनीत काम झालेलं लागतं. त्याला एच-१बी सारखी लॉटरी नाही, पण त्यावर दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही. तज्ज्ञ म्हणून गेलात तर कमाल ५ वर्षं, व्यवस्थापक म्हणून ७. एच-१बी वर कंपनी बदलता येते, मुदत साधारण ६ वर्षं. मात्र २१ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं गेल्याने कंपन्या तो फारसा काढून देत नाहीत. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे असतील तर हे महत्त्वाचं: एल-१ च्या जोडीदाराला काम करता येतं, एच-१बी च्या जोडीदाराला ग्रीन कार्डची प्रक्रिया पुढे गेल्याशिवाय सहसा नाही.

निघण्याआधी एचआरला लेखी विचारा: भारतातला पगार आणि पीएफ चालू राहणार का, आणि परत आल्यावर पगार कुठल्या आकड्यावर येणार? ऑनसाइटच्या काळात भारतातली वाढ गोठलेली असते, हे परतल्यावर कळण्यात अर्थ नाही.

१३. शनिवार-रविवारी बाहेरचं काम घेतलं तर चालतं का?

दुसरी नोकरी म्हणत असाल तर नाही. बहुतेक नेमणूकपत्रांत त्याला मनाई असते. २०२२ मध्ये विप्रोने याच कारणाने ३०० जणांना काढलं होतं. एकाच महिन्यात दोन कंपन्यांचा पीएफ भरला गेला की यूएएनमध्ये ते दिसतं, आणि नंतरच्या कंपनीच्या पडताळणीतही निघतं. शिकवणं, लेखन, घरच्या व्यवसायात भागीदारी या गोष्टींना परवानगी मिळू शकते, पण कंपनीच्या हितसंबंध जाहीर करायच्या फॉर्ममध्ये नोंद करून, आधी.

१४. 'राजीनामा द्या, नाहीतर काढून टाकू, मग अनुभवपत्रही मिळणार नाही' असं एचआर म्हणतंय. काय करावं?

त्या खोलीत सही करू नका. 'विचार करून मेलवर उत्तर देतो' एवढंच म्हणा आणि बाहेर आल्यावर लगेच कोण काय म्हणालं ते लिहून एचआरला मेल करा. राजीनामा दिला की कागदोपत्री तुम्ही स्वतःहून गेलात, मग नोकरकपातीची भरपाई मागता येत नाही.

कामगार या व्याख्येत बसणाऱ्याची एक वर्ष सेवा झाली असेल, तर कपात करताना एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. व्याख्येत तांत्रिक काम करणारे येतात. व्यवस्थापकीय काम करणारे येत नाहीत. इथे पदाचं नाव नाही, प्रत्यक्ष काम बघितलं जातं. 'असोसिएट मॅनेजर' असून हाताखाली कोणी नसेल तर मुद्दा तुमच्या बाजूने मांडता येतो. तक्रार कामगार आयुक्त कार्यालयात करता येते.

पीआयपी (कामगिरी सुधारायला दिलेली ठरावीक मुदत) लागला असेल तर उद्दिष्टं मोजता येण्याजोगी करून मागा आणि दर आठवड्याचा आढावा मेलवर पाठवा. आमचं स्पष्ट मत: पीआयपी लागला त्या दिवशी बायोडाटा बाहेर काढावा. त्यातून सुटणारेही असतात, पण त्यांनाही दुसरी ऑफर हाताशी असली तर बोलणी सोपी जातात. वाटाघाटीने जायचं ठरलं, तर किती महिन्यांचा पगार, मेडिक्लेम कधीपर्यंत आणि अनुभवपत्रात काय लिहिणार, हे राजीनाम्याआधी लेखी घ्या.

१५. दोन वर्षांचा बॉण्ड आहे. मोडला तर?

नोकरीत थांबायची सक्ती कोणी करू शकत नाही, पण पैसे मागता येतात. प्रशिक्षणाच्या खर्चाशी आणि नुकसानीशी सुसंगत रक्कम असेल तर न्यायालय ती मान्य करतं. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तीन वर्षांच्या अटीसाठीचे २ लाख वैध ठरवले. 'सोडल्यावर वर्षभर स्पर्धक कंपनीत जाऊ नये' ही अट वेगळी. भारतीय करार अधिनियमाच्या कलम २७ मुळे ती सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र पूर्ण टिकते. मूळ शैक्षणिक प्रमाणपत्रं कोणत्याही कंपनीकडे ठेवायला देऊ नका.

१६. नोटीस ९० दिवसांची, नवी कंपनी ३० दिवसांत ये म्हणते. कसं जमवायचं?

आधी नेमणूकपत्रात 'बायआउट' (पैसे भरून नोटीस कमी करणं) कोणाच्या मर्जीवर आहे ते बघा. बरेचदा शब्द असतात 'कंपनीच्या संमतीने', म्हणजे पैसे भरायला तयार असलात तरी सोडायचं बंधन त्यांच्यावर नसतं. वसुली बेसिकवर आहे की पूर्ण पगारावर, तेही तिथेच कळेल. फरक दुपटीचा असू शकतो. नवी कंपनी ती भरून देणार असेल, तर ती रक्कम पगारात धरून तिच्यावर कर कापला जातो. भरलेल्या १ लाखाचे पूर्ण १ लाख परत येत नाहीत.

प्रत्यक्षात सगळ्यात उपयोगी पडते ती कामाच्या हस्तांतराची तारीखवार योजना. राजीनामा टाकतानाच ती जोडा. बदली माणूस मिळाला की मॅनेजर सोडतो. नोटिशीत घेतलेली रजा बहुधा शेवटचा दिवस तितकीच पुढे ढकलते. आणि नव्या कंपनीकडून सही झालेली ऑफर हातात येण्याआधी राजीनामा टाकू नका, एचआरने फोनवर कितीही खात्री दिली तरी.

१७. शेवटच्या दिवसानंतर पैसे आणि कागद कधी मिळतात?

वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचंही वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायला हवं. मोठ्या कंपन्यांत ३० ते ४५ दिवस लावायची जुनी सवय आहे. उशीर झाला तर नियम लिहून स्मरणपत्र पाठवा. ग्रॅच्युइटीला मुदत ३० दिवस.

लॅपटॉप कुरिअरने परत केला असेल तर पावती जपून ठेवा. हिशेब अडतो तो बहुतेक वेळा 'मालमत्ता जमा नाही' या एका ओळीवर. कार्यमुक्तीपत्र अडवलं गेलं तर राजीनामा स्वीकारल्याचा मेल, शेवटच्या तीन स्लिप आणि पीएफमधली सोडल्याची तारीख यावर बऱ्याच कंपन्या पडताळणी पूर्ण करतात. म्हणून हे सगळं कंपनीचं लॉगिन बंद व्हायच्या आत उतरवून घ्या.

१८. ग्रॅच्युइटीला पूर्ण ५ वर्षंच लागतात का?

कायम नोकरीत साधारणपणे हो. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ही अट नाही, आणि ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना सामाजिक सुरक्षा संहितेने ती एका वर्षावर आणली आहे. हिशेब असा: शेवटचं वेतन × १५ ÷ २६ × वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. ४०,००० वेतन आणि ६ वर्षं ७ महिने सेवा असेल तर ७ वर्षांचे १,६१,५३८ रुपये. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग नव्या व्याख्येनुसार वेतनातच मोजला जातो. त्यामुळे बेसिक कमी दाखवलेल्यांनी आकडा पुन्हा काढून बघावा.

४ वर्षं २४० दिवसांवरही हक्क लागतो, असं मद्रास उच्च न्यायालयाने मानलं आहे, पण कंपन्या ते आपणहून देत नाहीत. इतके जवळ असाल तर शेवटचा दिवस पाच वर्षांच्या पुढे न्या. मोजला जातो तो शेवटचा कामाचा दिवस, राजीनाम्याचा नव्हे. म्हणजे ९० दिवसांची नोटीस इथे तुमच्या कामी येते.

१९. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली आणि रिटर्न भरताना मोठा कर निघाला. का?

दोन्ही कंपन्यांनी तुम्हाला खालच्या टप्प्यांचा आणि ७५,००० च्या प्रमाणित वजावटीचा फायदा स्वतंत्रपणे दिला म्हणून. पहिल्या कंपनीत ६ लाख, दुसरीत ८ लाख मिळाले. नव्या प्रणालीत दोघींनाही उत्पन्न १२ लाखांच्या आत दिसलं, कोणीच कर कापला नाही. एकूण १४ लाखांवर २०२५-२६ च्या दरांनी उपकरासह ८१,९०० रुपये निघतात, वर व्याज. रुजू होतानाच आधीच्या पगाराचा आणि टीडीएसचा तपशील नव्या कंपनीच्या पेरोलला द्या, म्हणजे ती उरलेल्या महिन्यांत विभागून कापते.

२०. आमचा अख्खा प्रोजेक्ट दुसऱ्या कंपनीने घेतला. तिथे जाताना जुनी सेवा धरली जाते का?

कागद कसा केला जातो, त्यावर ठरतं. व्यवसाय हस्तांतरित होतो आणि पत्रात 'सेवा अखंड, शर्ती आधीपेक्षा कमी नाहीत' असं लिहिलेलं असतं, तेव्हा ग्रॅच्युइटीची वर्षं जुन्या रुजू तारखेपासून मोजली जातात. पण बरेचदा 'इकडे राजीनामा द्या, तिकडे नवी ऑफर घ्या' असं सांगतात. तेव्हा घड्याळ शून्यावर येतं. अशा वेळी दोन पर्याय लेखी मागा: एकतर जुनी रुजू तारीख नव्या पत्रात, नाहीतर जुन्या कंपनीकडून ग्रॅच्युइटी आणि साठलेल्या रजेचे पैसे आत्ताच. चार वर्षं झालेल्यांनी पहिल्या पर्यायावरच अडून बसावं, कारण दुसऱ्यात त्यांच्या हाती ग्रॅच्युइटीचा एक रुपयाही येत नाही. मेडिक्लेममधले आईवडील, प्रोबेशन पुन्हा लागणार का, आणि बॉण्डची उरलेली मुदत (प्रश्न १५) हेही त्याच मेलमध्ये विचारा. गटाने एकत्र मेल केला तर उत्तर लवकर येतं.